वाचक विचारतात : लिंकनचा पक्ष, ‘तो’ शब्द आणि आपण

गेल्या दोन महिन्यांत अमेरिकेतल्या वंशवादावर आणि त्यावरून दोन पक्षांत चाललेल्या भांडणावर इतके मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी १९ वर्षं न्यू जर्सीत होते, आता पुण्यात असते, त्यामुळे काही उत्तरं वाचलेली आहेत आणि काही अंगावरून गेलेली आहेत. एक आधीच सांगते, कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी ती इंग्रजी ‘एन’ ची शिवी मी इथे पूर्ण लिहिणार नाहीये, ‘तो शब्द’ म्हणेन, तुम्हाला कळेलच.

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनीअरिंगला आहे. माझा रूममेट म्हणतो की गुलामगिरी रिपब्लिकनांनी संपवली, कू क्लक्स क्लॅन (कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) डेमोक्रॅटांचं होतं, म्हणजे खरा वंशवादी पक्ष डेमोक्रॅटच. नेटवर दुसरे म्हणतात की नंतर दोन्ही पक्षांची अदलाबदल झाली. नक्की खरं काय?

तुझ्या रूममेटचं पहिलं वाक्य खरं आहे, घोळ ‘म्हणजे’च्या पुढे होतो. लिंकन रिपब्लिकन होता, १८६० ला निवडून आला, १८६५ ला १३ वी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, पहिला कृष्णवर्णीय माणूस बसला, हायरम रेव्हल्स, तो मिसिसिपीचा आणि रिपब्लिकन. मिसिसिपीचा! दहा वर्षांपूर्वी जिथे माणसं लिलावात विकत होते त्या राज्याचा. आणि क्लॅन गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धानंतर टेनेसीत हरलेल्या बाजूच्या, म्हणजे दक्षिणेच्या, सैनिकांनी काढलं, त्यांच्या दहशतीचा फायदा दक्षिणेत डेमोक्रॅटांना झाला, १८७७ ला उत्तरेचं सैन्य तिथून निघालं आणि मग वेगळ्या शाळा, वेगळे नळ, मतदानाला अडथळे असं सगळं जे पुढे कित्येक दशकं चाललं ते डेमोक्रॅटांच्याच राज्यांत. हे कुणी नाकारत असेल तर तो खोटं बोलतोय.

पण पिक्चर तिथे संपत नाही ना. १९३० च्या दशकात मंदीत डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या योजनांमुळे उत्तरेतले कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटांकडे यायला लागले, म्हणजे एकाच पक्षात एकीकडे ते आणि दुसरीकडे त्यांना मतदान करू न देणारे दक्षिणेतले गोरे, दोघंही! असा संसार किती दिवस चालणार. १९४८ ला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सैन्यातली वर्णावरची विभागणी बंद करायचा आदेश काढला, त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाचा स्ट्रॉम थर्मंड ही विभागणी टिकावी म्हणून पक्षाला सोडून राष्ट्राध्यक्षपदासाठी वेगळा उभा राहिला आणि दक्षिणेतली चार राज्यं जिंकला.

मग १९६४ चा नागरी हक्क कायदा. इथले आकडे नीट बघ, कारण दोन्ही बाजू इथूनच आपल्याला हवं ते उचलतात. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ ने पास झाला. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट, ६ रिपब्लिकन. झालं, रूममेट खूश. पण आता पक्ष बाजूला ठेव आणि नकाशा उघड. यादवीत फुटून निघालेल्या त्या ११ राज्यांचे मिळून २२ सिनेटर, त्यातला फक्त एक जण कायद्याच्या बाजूने होता, टेक्ससचा एक डेमोक्रॅट. आणि त्या २२ मध्ये जो एकुलता एक रिपब्लिकन होता तोही विरोधातच गेला. म्हणजे भांडण रिपब्लिकन विरुद्ध डेमोक्रॅट नव्हतंच, उत्तर विरुद्ध दक्षिण होतं, आणि दक्षिणेत त्यावेळी डेमोक्रॅट सोडून जवळजवळ कुणी निवडूनच येत नव्हतं.

त्या ६ रिपब्लिकनांत एक होता बॅरी गोल्डवॉटर, तोच त्या वर्षी त्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला, आणि देशभर सपाटून हरला तरी जी सहा राज्यं जिंकला ती बघ : स्वतःचं ॲरिझोना, आणि मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाला. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सनला कृष्णवर्णीयांची साधारण तिसरा हिस्सा मतं मिळाली होती, गोल्डवॉटरला सुमारे ६ टक्के. एवढी मोठी गळती चार वर्षांत उगाच होत नाही.

त्यामुळे ‘अदलाबदल’ हा शब्दही मला नीट वाटत नाही, जसं काही कुणीतरी एका रात्रीत पाट्या बदलल्या. दक्षिणेतले बहुतेक जुने नेते मरेपर्यंत डेमोक्रॅटच राहिले, सरकले ते मतदार, आणि त्याला तीस वर्षं लागली, दक्षिणेतल्या प्रतिनिधीगृहाच्या जास्त जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या थेट १९९४ ला. आणि मधल्या काळात काय झालं हे सांगायला बाहेरचा कुणी लागत नाही. ली ॲटवॉटर म्हणून रिपब्लिकनांचा एक मोठा रणनीतीकार होता, त्याने १९८१ मध्ये एका अभ्यासकाला मुलाखत देताना उघडच सांगितलं होतं की १९५४ मध्ये तुम्ही ‘तो शब्द’ सरळ बोलू शकत होतात, १९६८ पर्यंत तो बोललात की तुमच्यावरच उलटतो, मग तुम्ही सक्तीचं बसिंग, राज्यांचे अधिकार असं बोलता, आणि मग आणखी पुढे जाऊन करकपातीवर येता. बसिंग म्हणजे शाळांत मुलं मिसळावीत म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवणं. या एका मुलाखतीतून मला जेवढं कळलं तेवढं दहा पुस्तकांतून नाही कळलं. शब्द गेला, काम दुसऱ्या शब्दांकडे दिलं. पुढे २००५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्याच राष्ट्रीय अध्यक्षाने, केन मेलमनने, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या अधिवेशनात जाऊन आमचं चुकलं असं सांगितलं.

आणि उत्तरेतले डेमोक्रॅट फार धुतल्या तांदळासारखे होते असंही समजू नको. १९७४ ला बोस्टनमध्ये, डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात, बसिंग सुरू झाल्यावर गोऱ्या वस्तीतल्या लोकांनी शाळकरी पोरांच्या बसवर दगड मारले आणि ‘तो शब्द’ ओरडले. पोरांच्या बसवर!

रूममेटला सांग, लिंकन तुमचा, मान्य. आता १९६४ नंतरचं बोलू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, डोंबिवली. आपल्याकडे जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटी लागते. अमेरिकेत एवढं सगळं झालं तरी तिथे भर सभेत वर्णावरून काहीही बोलतात आणि कुणाला अटक होत नाही, असं का?

सर, प्रश्न अगदी मुळावर आहे. आपला १९८९ चा कायदा असा की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून अपमानित केलं तर तो गुन्हा. अमेरिकेत असा गुन्हाच नाहीये. त्यांची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बोलण्यावर बंधन घालू देत नाही, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फार ताणून धरलीये. १९६९ मध्ये ओहायोतल्या क्लॅनच्या एका म्होरक्याची शिक्षा कोर्टाने रद्द केली, त्याच्या सभेचं शूटिंग होतं, त्यात जळता क्रॉस होता, बंदुका होत्या, शिव्या होत्या, सगळं. कोर्ट म्हणालं की लगेच, तिथल्या तिथे बेकायदा कृत्य घडवून आणण्यासाठी चिथावणी असेल आणि ते खरंच घडण्याची शक्यता असेल तरच शिक्षा करता येईल. २०१७ मध्ये तर एका आशियाई वंशाच्या बँडने स्वतःसाठीच घेतलेलं शिवीवजा नाव ट्रेडमार्क म्हणून मिळायला हवं असा निकाल आला.

म्हणजे मोकाट आहे का, तर तसंही नाही. ज्या कंपनीत १५ किंवा जास्त लोक कामाला आहेत तिथे वर्णावरून सतत शिव्या चालत असतील तर १९६४ च्याच कायद्याखाली मालकाला कोर्टात खेचता येतं. मारहाण करताना वंशाचा द्वेष होता हे सिद्ध झालं तर वेगळा, जास्त कडक गुन्हा लागतो. धमकी म्हणून क्रॉस जाळणं गुन्हा ठरवता येतं, हा २००३ चा निकाल. पण राजकारणी माईकवर काही बोलला तर पोलीस येणार नाहीत, त्याला शिक्षा द्यायची ती मतदारांनी नाहीतर त्याच्या पक्षाने, आणि म्हणूनच तिथे प्रत्येक शब्दावरून एवढा गदारोळ होतो, कारण दुसरं न्यायालयच नाही. मला विचाराल तर आपला कायदा मला जास्त पटतो. ज्याने पिढ्यानपिढ्या ऐकून घेतलं त्याला आता निवडणुकीपर्यंत थांब म्हणणं मला जमत नाही. पण सरकारच्या हातात बोलण्याचं कुलूप देऊ नये ही त्यांची भीतीही खोटी नाही, नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनाच दक्षिणेतल्या सरकारांनी भाषणबंदी करून छळलं होतं.

प्रश्न : डेमोक्रॅट नेते बोलले की ‘चुकून बोलले’, रिपब्लिकन बोलले की ‘वंशवादी’. मीडियाचा हा दुटप्पीपणा तुम्हाला दिसत नाही का? (कोथरूड)

दिसतो. २००६ चा एकच उन्हाळा घ्या, दोन्ही उदाहरणं आपल्याच लोकांबद्दलची आहेत. जो बायडेन तेव्हा सिनेटर, ते कॅमेऱ्यासमोर म्हणाले की डेलावेअरमध्ये थोडा भारतीय ॲक्सेंट असल्याशिवाय सेव्हन-इलेव्हन किंवा डंकिन डोनट्समध्ये जाताच येत नाही. चार दिवस बातमी झाली, दोन वर्षांनी ते उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाचा रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन प्रचारसभेत होता, विरोधी उमेदवाराकडून एक विशीतला भारतीय वंशाचा मुलगा व्हिडिओ घेत होता, ॲलनने त्याच्याकडे बोट दाखवून त्याला दोनदा ‘मकाका’ म्हटलं, आणि वर अमेरिकेत स्वागत असो म्हणाला. तो मुलगा व्हर्जिनियातच जन्मलेला! ॲलन स्वतः कॅलिफोर्नियात. मकाका म्हणजे माकडाची जात, आणि आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत ती शिवी होती, ॲलनची आई ट्युनिशियात वाढलेली. युट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं, व्हिडिओ सगळीकडे गेला, आणि आरामात जिंकणारा माणूस १० हजारांहून कमी मतांनी पडला. त्या एका जागेमुळे सिनेटचं बहुमत बदललं.

दोन्ही वाईट, पण सारखं नाही असं माझं मत. एकात एका जमातीबद्दलचा ठोकळेबाज विनोद आहे, दुसऱ्यात गर्दीसमोर एकट्या पोराला परका ठरवणं आहे. तुम्ही म्हणता तसा दुटप्पीपणा मला जास्त टोचतो तो रॉबर्ट बर्डच्या बाबतीत. वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट, तरुणपणी क्लॅनमध्ये होते, १९६४ च्या कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये १४ तास बोलले. पुढे त्यांनी अनेकदा माफी मागितली आणि ती मला खरी वाटते, पण २००१ मध्ये टीव्हीवर ‘गोरे’ लावून ‘तो शब्द’ दोनदा बोलले तेव्हाही पद गेलं नाही. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन ट्रेंट लॉट थर्मंडच्या शंभराव्या वाढदिवसाला म्हणाले की १९४८ ला देशाने यांना निवडलं असतं तर पुढच्या एवढ्या अडचणी आल्या नसत्या, आणि दोन आठवड्यांत त्यांना सिनेटमधलं नेतेपद सोडावं लागलं. त्यावेळी त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष बुश होते, त्यांच्याच पक्षाचे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण जुलै २०१९ मध्ये ट्रम्पनी चार महिला खासदारांना, ज्यातल्या तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या, जिथून आलात तिथे परत जा असं लिहिलं, तेव्हा निषेधाचा ठराव २४० विरुद्ध १८७ ने झाला पण बाजूने मत देणारे रिपब्लिकन फक्त चार. सतरा वर्षांत एवढा फरक पडला.

प्रश्न : कमला हॅरिस भारतीय की ब्लॅक? (व्हॉट्सॲपवरून, गाव लिहिलेलं नाही)

दोन्ही. आई श्यामला गोपालन चेन्नईच्या, वडील जमैकाचे, कॉलेज वॉशिंग्टनचं हॉवर्ड, जे कृष्णवर्णीयांसाठी म्हणूनच उभं राहिलं. जुलै २०२४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर ट्रम्प म्हणाले की त्या आधी भारतीय होत्या आणि मग अचानक ब्लॅक झाल्या. अचानक काही झालेलं नाही, जन्मापासून आहेत.

प्रश्न : मराठी पुस्तकांत ‘निग्रो’, ‘हबशी’ असे शब्द सर्रास असतात. ते शिव्या आहेत का? आता काय लिहावं? (नागपूर)

शब्द तोच राहतो, त्याची जागा सरकते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, आणि त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत ‘निग्रो’ हाच शब्द आहे. त्याकाळी तो सभ्य शब्द होता. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंगनीही तोच वापरला. नंतर चळवळीतल्या तरुणांनी ‘ब्लॅक’ उचलला, जो आधी अपमान म्हणून वापरायचे, तोच त्यांनी अभिमानाने घेतला, आणि ‘निग्रो’ला मालकाच्या तोंडचा वास यायला लागला. १९८८ मध्ये जेसी जॅक्सननी ‘आफ्रिकन अमेरिकन’चा आग्रह धरला. २०१६ मध्ये ओबामांच्या सहीने संघराज्याच्या कायद्यांतून ‘निग्रो’ काढला गेला. आपल्याला हे नवीन नाही, ‘हरिजन’ कुठून कुठे गेला ते नागपूरच्या माणसाला मी काय सांगणार, आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून घेतलं तेही तुम्हाला माहीत आहेच.

‘हबशी’चं वेगळं. तो मुळात हबश म्हणजे ॲबिसिनियाचा माणूस, मलिक अंबर तिथलाच, जंजिऱ्याचे सिद्दीही त्यातलेच. इतिहास लिहिताना ठीक आहे. पण आज शाळेत काळ्या पोराला ‘हबशी’ म्हणतात तेव्हा कुणाच्या डोक्यात मलिक अंबर नसतो. जुनी पुस्तकं बदलू नका, तळटीप द्या. नवीन लिहिताना ‘कृष्णवर्णीय’ किंवा सरळ ‘ब्लॅक’.

प्रश्न : आमच्या बेळगावचा माणूस श्री ठाणेदार अमेरिकेत खासदार झाला, आम्ही पेढे वाटले. पण डेट्रॉइटचे काळे लोक नाराज होते असं वाचलं. आपला माणूस पुढे गेला की यांना का त्रास?

पेढे वाटलेत ते बरोबरच केलंत, बेळगावातून १९७९ ला निघालेला माणूस तिथे पोचतो ही साधी गोष्ट नाही. पण नाराजी ‘आपला माणूस’ म्हणून नव्हती हो. डेट्रॉइटमध्ये चारात तिघांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. १९५५ पासून त्या शहरातून कायम कुणी ना कुणी कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, होतंच. २०२२ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) बरेच उमेदवार उभे राहिले, कृष्णवर्णीय मतं त्यांच्यात फुटली, ठाणेदारांनी स्वतःचे भरपूर पैसे घातले आणि साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. त्यामुळे जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. ज्यांच्या आईवडिलांना मत देण्यासाठी मार खावा लागला त्यांना याची हळहळ वाटणारच. त्यांनी ठाणेदारांना परत जा म्हटलं नाही, आमची खुर्ची गेली म्हटलं. या दोन वाक्यांत खूप अंतर आहे. बेळगावच्या माणसाला आपल्या भाषेचा आमदार नसणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायची गरज नाही.

प्रश्न : ताई, मी नाशिकला असते, मुलगा-सून न्यू जर्सीत. नातू ११ वर्षांचा, त्याचा जिवलग मित्र ब्लॅक आहे, माझ्याशी व्हिडिओ कॉलवर छान बोलतो. परवा नातवाने विचारलं, आजी, ‘कल्लू’ म्हणजे काय? बाबा माझ्या मित्राला तसं म्हणतो. मी विषय बदलला. काय सांगू त्याला?

आजी, तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं.

हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला तो गणपतीच्या जेवणात. शिकलेली माणसं, हातात मोदक, आणि कुठल्या एरियात घर घेऊ नये यावर बोलताना कुणीतरी सहज म्हणालं, तिकडे कल्लू फार आहेत. सगळे मान डोलावून पुढच्या विषयावर गेले, मीसुद्धा. मी त्या दिवशी गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं. इंग्रजीतला ‘तो शब्द’ त्यांच्यातलं कुणीच कधी बोललं नसतं, नोकरी जाईल हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या भाषेत म्हटलं की शिवी होत नाही अशी काहीतरी समजूत आहे, समोरच्याला कळत नाही ना, मग झालं.

तुमच्या मुलाला या तारखा सांगा. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाने नागरिकत्वासाठी दावा केला होता की मी उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून गोरा आहे. कोर्टाने सांगितलं, नाहीस. जात तिथे कामाला आली नाही. १९४६ नंतरही भारतातून वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. तो उठवला १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये, मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाल्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच राष्ट्राध्यक्षाने, त्याच काँग्रेसने. माणसांना वंशावरून मोजायचं नाही हे ज्या चळवळीने त्या देशाला मान्य करायला लावलं, तिच्यातल्या लोकांनी अलाबामात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या आणि त्या उघडलेल्या दारातून आपली पोरं आत गेली. आणि आत गेल्यावरही १९८७ मध्ये जर्सी सिटीत, तुमच्या मुलाच्या घरापासून फार लांब नसेल, टिकली लावणाऱ्या बायकांना हुडकून त्रास देणारी टोळी होती, त्या सुमारास शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. त्या टोळीनेही आपल्या लोकांना टिकलीवरूनच नाव ठेवलं होतं.

मुलाशी आधी बोला, नातवाला नंतर. सुनेसमोर नको, एकट्याला फोन करा, आणि त्याला फक्त हे सांगा की तुझ्या पोराने मला काय विचारलं. तो गप्प होईल, होऊ द्या, तुम्ही लगेच फोन ठेवू नका.

नातवाला खरं सांगा, तो ११ वर्षांचा आहे, त्याला अर्धं कळलेलंच आहे म्हणून तर त्याने तुम्हाला विचारलं, बाबाला नाही. म्हणा, हा वाईट शब्द आहे, रंगावरून चिडवायचा, बाबा चुकला, मीसुद्धा तुला लगेच उत्तर दिलं नाही ते माझं चुकलं. आणि पुढच्या कॉलला तो मित्र असेल तर त्याला नावाने हाक मारा.